आईचा नवस आणि माझा गुडघा

आमचं घर वैराटगडाच्या मावळतीला. हिवाळ्यात आमच्या अंगणात ऊन यायला चांगला उशीर होई, आणि त्यावरून नदीपलीकडच्या गावची पोरं आम्हाला उशिरा उठणारी म्हणून चिडवत. ऊन काही आमच्या हातात नव्हतं, पण भांडायला कुठलाही मुद्दा पुरतो. या एका गोष्टीवरून मी लहानपणी दोनदा मार खाल्ला आहे आणि तीनदा दिला आहे. राग माझ्या नाकावर असायचा, तो आजही पुरता खाली उतरलेला नाही.

त्या गडावर मी किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. करवंदांसाठी चढलो, शाळा चुकवायला चढलो, चुकलेली शेळी शोधायला चढलो. पण सांगायची आहे ती एकच चढण, लढाई संपून मी घरी आलो त्यानंतरच्या माघातली, आईबरोबरची.

मी पलटणीत गेलो अठराव्या वर्षी. गावात सगळ्यांना वाटे, मी बर्माच्या जंगलात बंदूक घेऊन फिरतो आहे. खरं म्हणजे माझ्या वाट्याला खेचरं आली. शेतकऱ्याचं पोर आहे, जनावर सांभाळील, असा कुण्या साहेबानं विचार केला आणि मला रसद वाहणाऱ्या खेचरांबरोबर लावून दिलं. तिथं एका पावसाळ्यात, डोंगराच्या अरुंद वाटेवर, बिस्किटांचे डबे लादलेलं एक खेचर घसरलं आणि डब्यांसकट माझ्या उजव्या पायावर बसलं. गुडघ्याचा चुरा झाला.

चार महिने मी लष्करी दवाखान्यात छताकडे बघत पडलो होतो. त्या चार महिन्यांत घरी एक ओळ लिहिली नाही. हात धड होते, पण लिहिणार काय? गोळी लागली असती तर छाती काढून लिहिलं असतं. आमच्या साताऱ्याकडे घरटी एक माणूस फौजेत. चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांतला एकजण पहिल्या लढाईत खांद्यात गोळी घेऊन आलेला, दुसऱ्याची दोन बोटं गेलेली. त्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यांच्यात जाऊन मी बिस्किटांची गोष्ट सांगायची? मी गप्प राहिलो. पाय बरा झाल्यावर एका कोठारात बसायचं काम मिळालं, तेव्हा 'मी खुशाल आहे' एवढंच लिहिलं.

पाय बरा झाला म्हणजे दुखायचा थांबला. गुडघा मात्र दुमडेना. चालताना उजवा पाय ताठ पुढं टाकावा लागे. गावात आलो तेव्हा वाटलं होतं, आता सगळे विचारणार. पण झालं भलतंच. माझी ताठ चाल बघून गावानं ठरवून टाकलं की ही मिलिटरीची चाल आहे. सहा वर्षं परेड केली की माणूस असाच चालणार! दोन-तीन तरणी पोरं तर पाय ताठ टाकत माझ्यामागून चालायला लागली. मी कशाला त्यांचा गैरसमज दूर करतो?

अडचण होती ती बसण्याची. आपल्याकडे माणूस जेवतो, बोलतो, भजनाला बसतो, ते सगळं मांडी घालून. माझी मांडी पडत नव्हती. पहिल्याच दिवशी मी सोप्याच्या पायरीवर पाय सोडून बसलो आणि म्हणालो, फौजेत खुर्चीवर जेवायची सवय लागली आहे. चुलते हसले. चुलती म्हणाली, "साहेब झालाय आमचा." आईनं ताट पायरीवर आणून ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, निभावलं.

इथवर मी लपवत होतो ते लाजेपोटी. पुढं लपवायला दुसरं कारण मिळालं. वडील मी लहान असतानाच गेलेले, घर चुलत्यांचं आणि आमचं एकत्र. एका दुपारी आई विहिरीवर गेलेली बघून चुलतीनं मला बाजूला घेतलं.

"तुज्या आईनं गडावरच्या म्हादेवाला नवस बोललाय. तुजी पत्रं बंद झाली तवा. जसा गेला तसा धडधाकट येऊ दे म्हनून."

"तिनं सांगितलं तुला?"

"नवसाचं शबुद कोन सांगतंय का? पर दुसरं काय बोलनार आई?"

आमच्याकडची रीत अशी, की नवस बोलताना एकट्यानं बोलायचा आणि फिटेपर्यंत त्याचे शब्द कुणापुढं काढायचे नाहीत. फेडायच्या दिवशी मात्र देवासमोर, गुरवाच्या साक्षीनं, जसा बोलला तसा मोठ्यानं म्हणून दाखवायचा. एक शब्द इकडचा तिकडं चालत नाही. आणि ज्याच्यासाठी बोलला त्यानं स्वतःच्या पायांनी वर जाऊन देवापुढं बसायचं.

चुलतीचं बोलणं ऐकल्यावर माझी झोप उडाली. जसा गेला तसा! मी तर तसा आलोच नव्हतो. आईला पाय कळला तर ती देवावर रुसेल, याचं मला काही वाटत नव्हतं, देव समर्थ होता. पण माझी आई देवावर रुसणारी नव्हती. मीच बोलताना चुकले, माझ्याच मनात काही खोट होती, म्हणून लेकराच्या पायावर आलं, असं म्हणून ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती. चार महिने पत्र न धाडून मी तिला तो नवस बोलायला लावला होता. आता तिला आनंदानं तो फेडता यावा, एवढं तरी मला करायचं होतं. पाय तिला कळू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

गंमत अशी की आई नवसाचं नावच काढेना. म्हैस आटली की चुलती म्हणे, "नवस अंगावर ठेवू नये." वैरणीची गंज कलंडली तरी तेच. आई म्हणे, "जाऊ की. काय घाई हाय?" मी बघत होतो, ती संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसे. पन्नाशीला आलेली बाई, तिला चढण नको वाटत असणार, अशी मी माझी समजूत घातली. शेवटी मीच म्हणालो, येत्या सोमवारी जाऊ. आईनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं."

सोमवारी उन्हं अंगणात यायच्या आत आम्ही निघालो. गुऱ्हाळं चालू होती, सगळ्या शिवाराला उकळत्या रसाचा वास येत होता. चुलते गुऱ्हाळावर अडकलेले, त्यामुळं बरोबर कुणी नव्हतं. मला तेच हवं होतं. आईनं डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुळाची ढेप आणि नारळ असलेलं बोचकं घेतलं. मी घेतो म्हटलं तर देईना. तिच्या हातात दोन काठ्या होत्या. एक तिनं माझ्याकडे दिली.

"काठी कशाला?" मी म्हणालो.

"साप असत्यात," आई म्हणाली.

माघात साप? पण काठी आयती मिळत होती, मी वाद घातला नाही.

ओढा ओलांडला आणि चढ लागला. मी डावा पाय वर टाकायचा, काठीवर भार द्यायचा आणि उजवा पाय बाजूनं ओढून घ्यायचा, अशी युक्ती काढली होती. आई पुढं असती तर बरं झालं असतं, पण ती सारखी माझ्या बरोबरीला. शंभर पावलांवर माझ्या मांडीत कळ आली. थांबायला काहीतरी निमित्त हवं होतं.

"आई," मी म्हणालो, "तू पहिल्यांदा हा गड बघितलास तो कुठून गं?"

आई लगेच थांबली. बोचकं एका दगडावर ठेवलं आणि ऐसपैस बसली. मी काठीवर रेलून उभा राहिलो. मला वाटलं, बरं झालं, म्हातारीलाही दम खायला मिळाला.

आईचं माहेर आष्ट्याचं. सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख, हळदीचा. लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती. वऱ्हाडाच्या गाड्या मुक्काम करत करत इकडं आल्या.

"तिसऱ्या दिशी गाडीत डोळा लागला व्हता माजा," आई म्हणाली. "उठून बगते तर ह्यो आडवा! मी तुज्या आजीला म्हनलं, आत्याबाई, ह्यो रातचा पडत न्हाई न्हवं? सगळं वऱ्हाड हसलं. मला लय राग आला. वरीसभर मी त्याच्याकडं पाठ करून निजायची."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण आई ती सांगताना अजून रागावते, हे बघायला मला आवडायचं. पस्तीस वर्षं झाली तरी ती त्याला 'तुमचा डोंगर' म्हणे. तुमच्या डोंगरावर ढग आलेत. तुमच्या डोंगरानं ऊन अडवलंय. घर आमचं म्हणे, विहीर आमची म्हणे, डोंगर तेवढा सासरच्यांचा.

पुन्हा चालायला लागलो. पुढच्या वळणावर थांबायची पाळी आईनं घेतली. "हितं तू शेरडू शोधायला आला व्हतास, ध्यानात हाय?" म्हणून ती बसली. माझ्या चांगलं ध्यानात होतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. संध्याकाळपर्यंत शेळी सापडली नाही, म्हणून मी इथंच खडकावर बसून रडलो होतो आणि शेळी आपली आपण घरी जाऊन दावणीला उभी होती. वडील मला शोधत वर आले ते हसतच. त्यांनी मला खांद्यावर बसवून खाली नेलं. वडिलांची मला जी काही थोडी आठवण आहे त्यात ही एक: त्यांच्या मुंडाशाला घट्ट धरलेले माझे हात. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, "मुंडासं सुटलं व्हतं वाटंत. घरी आले ते तसंच, बोडक्यानं." हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं हसलो आणि बरंच हसलो, कारण उठायची घाई कुणालाच नव्हती.

असं करत करत आम्ही चढत होतो. जिथं माझा पाय बोलायला लागे तिथं मला काहीतरी आठवे. मला नाही आठवलं तर आईला आठवे. इथं तुझ्या चुलत्याला मधमाश्या चावल्या. इथं आपला तांबडा बैल घसरला. इथं वणवा पेटला तेव्हा सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन झोडपत होतं. उन्हं डोंगराच्या पाठीवरून आमच्या अंगावर आली, खाली कृष्णेवरचं धुकं विरत होतं, उसाचे पट्टे हिरवेगार दिसायला लागले होते. मला त्या सगळ्या खोटेपणातही मोठं सुख वाटत होतं. सहा वर्षं मी परक्या डोंगरांत चढउतार केली, तिथल्या एकाही दगडाची मला गोष्ट माहीत नव्हती.

माचीच्या वर वाट दोन फुटते. मी नेहमीच्या वाटेला वळलो. आई म्हणाली, "तिकडनं नगं. तिकडं पायऱ्या उंच हायत. हिकडनं चल, आडवं आडवं जाऊ."

"इकडं वाट नाही, आई."

"हाय."

आणि वाट होती. कातळाच्या पोटाला धरून, गवतात लपलेली, सोप्या चढाची. आई झपाझप पुढं निघाली. ज्या बाईनं पस्तीस वर्षं डोंगराला तुमचा म्हटलं, तिला त्याच्या अंगावरची चोरवाट ठाऊक? मी हाक मारून विचारलं, तेव्हा ती एका कोरीव टाक्याशी थांबली होती. टाकं कोरडं होतं, आत चार माणसं अंग टाकतील एवढं. एका कोपऱ्यात धुराचा काळा डाग.

"हितं बेचाळीसच्या चळवळीतली पोरं व्हती," आई म्हणाली. "वारंट व्हतं त्यांच्यावर. मी भाकरी आनून द्यायची. इळा-दोरी घ्यायची आन् गवताला निघायचं. आठवड्यातनं दोनदा तरी."

मी तिथंच उभा राहिलो. माझं डोकं फिरलं.

"आई, मी सरकारच्या पलटणीत होतो! तिकडं मी सरकारचं मीठ खातोय आणि इकडं तू सरकारच्या वारंटातल्या माणसांना जेवू घालतेस? सापडली असतीस तर?"

"कशी सापडंन?" आई शांतपणे म्हणाली. "फौजदार गावात आला की तुजा चुलता तुजं पत्र दावायचा. लेक सरकारच्या फौजंत हाय म्हनल्यावर आपल्या घराकडं कोन बगतंय? तुज्यामुळंच तर समदं निभलं, गड्या."

मग मला हसू फुटलं ते आवरेना. बर्मात मी खेचरांच्या पाठीवर बिस्किटं लादत होतो आणि इथं माझ्या नावाच्या आडोशानं भाकरी डोंगर चढत होत्या. आईही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. त्यांच्यातला एकजण आष्ट्याकडचा होता, असं तिनं मग सांगितलं. तिच्या माहेरच्या बोलीत बोलायचा, हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांच्या गोष्टी सांगायचा. त्याच्यासाठी ती आधी आली, मग बाकीच्यांसाठी येत राहिली.

"त्यातल्याच एका दिशी भाकरी दिल्या आन् वर देवळापतूर गेले," ती म्हणाली. "तुजी पत्रं येत नव्हती." एवढंच बोलून तिनं बोचकं उचललं. नवसाचे शब्द ती सांगणार नव्हती, मीही विचारले नाहीत. माझं हसू मात्र थांबलं. आता थोडाच चढ उरला होता.

माथ्यावर आलो तेव्हा वारा असा होता की आईनं पदर कमरेला घट्ट खोचला. आकाश निवळ होतं. उत्तरेला मांढरदेवचा डोंगर, अलीकडे पांडवगड, मावळतीला पाचगणीचं सपाट पठार, दक्षिणेला लांबवर जरंडेश्वर. खाली कृष्णा वळणं घेत गेलेली. आमच्या घराचं छप्पर मी शोधून काढलं आणि आईला दाखवलं. गुऱ्हाळाचा धूर सरळ वर येत होता.

"हितनं आष्टा दिसतं का रं?" आईनं विचारलं.

"नाही गं. लई लांब आहे ते. मध्ये डोंगर आहेत."

"नदी तिकडंच जाती पर."

"नदी जाते."

"मग झालं," आई म्हणाली आणि बराच वेळ नदीच्या वाटेकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो, पण माझं लक्ष देवळाकडे होतं. चढून तर आलो होतो. आता देवापुढं बसायचं होतं. रात्रभर मी त्याच्यावर विचार केला होता. गुरवाला म्हणू, फौजी माणूस देवाला उभ्यानं सलामी देतो. नाहीतर म्हणू, मांडीला गोळा आलाय. एकही सबब धड नव्हती. नवसाला बसावंच लागतं, आणि गुरव आमच्याच गावचा, म्हातारा, रीतीला पक्का.

देवळाच्या पायरीशी दुसरी अडचण निघाली. बूट. घरी मी खाटेवर पाय लांब करून, कुणी बघत नाहीसं पाहून नाड्या सोडत असे. इथं उघड्यावर, उभ्यानं, ताठ पायानं वाकून ते जमेना. मी बुटाच्या टाचा दगडाला लावून ओढायला बघत होतो. तेवढ्यात आईनं बोचकं खाली ठेवलं, माझ्यापुढं बसली आणि माझ्या उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"अगं, काय करतेस!" मी म्हणालो.

"गप ऱ्हा." तिनं उजवा बूट काढला, मग डावा. दोन्ही नीट जोडून पायरीखाली ठेवले. मला भयंकर लाज वाटली. चोवीस वर्षांचा घोडा, आणि आई बूट काढते आहे. मला वाटलं, पोरगा सहा वर्षांनी परत आला म्हणून तिला माया येते आहे.

गुरव आत होताच, सोमवारी तो सकाळीच वर येई. त्यानं गुळाची ढेप पिंडीपुढं ठेवली, नारळ वाढवला, आणि जमिनीवर घोंगडी अंथरून मला म्हणाला, "बसा. मांडी घालून, हात जोडून. वयनी, तुमी बाजूला बसा आन् काय बोलला व्हता ते बोला."

मी घोंगडीकडे बघत उभा राहिलो. सबबी सगळ्या विसरलो.

"बसा की," गुरव म्हणाला.

"त्यो उभाच ऱ्हाईल," आई म्हणाली. "त्याचा पाय दुमडत न्हाई."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. गुरवानं माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं आणि घोंगडी बाजूला ओढली. आई पिंडीपुढं बसली. हात जोडले. आणि नवस जसा बोलली होती तसा मोठ्यानं म्हणून दाखवला.

"म्हादेवा, माज्या लेकाचा सांगावा न्हाई. त्यो कसा हाय मला ठाव न्हाई. हात नसला, पाय नसला, डोळं नसलं, तरी चालंल. जसा असंल तसा दे. मी दोन पायांची हाय, मी त्याला धरून तुज्याकडं आनीन आन् गूळ वाटीन."

मग ती थांबली आणि म्हणाली, "आनलाय बग."

मी देवळात रडलो. इतक्या वर्षांनी ते लिहायला मला काही वाटत नाही. महिनोन् महिने मी एका नवसाला भिऊन पाय लपवत होतो, आणि तो नवस असा होता. जसा गेला तसा हे शब्द चुलतीचे होते. आईनं देवाकडे तसलं काही मागितलंच नव्हतं.

बाहेर येऊन आम्ही देवळाच्या मागं, वारा लागणार नाही असे बसलो. मी पाय सरळ पसरून बसलो. कितीतरी दिवसांत कुणासमोर असा बसलो नव्हतो. आईनं गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

"कवापास्नं ठाव हाय तुला?" मी विचारलं. माझ्या तोंडी नकळत तिची बोली आली होती.

"पयल्या दिशी. भाकरतुकडा ओवाळून टाकला आन् म्हनलं उजवा पाय टाकून आत ये. तू डावा टाकलास. लहानपनापास्नं कवा चुकला न्हाईस ते तवा कसा चुकशील?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला लपवायचं व्हतं न्हवं? म्हनलं, लपवू दे. सा वर्सं सरकारनं सांगितलं तसं केलंस. घरी तरी मनासारखं कर." तिनं गुळाचा एक खडा तोंडात टाकला. "नवसाला बी म्हनूनच घाई केली न्हाई. तुला चढवंल तवा चढू. तूच म्हनलास सोमवारी."

"आणि वाटेत सारखी बसत होतीस ती?"

"माजं गुडगं दुखत्यात रं. पर एवढं न्हाईत."

मग मी तिला सगळं सांगितलं. पाऊस, ती अरुंद वाट, बिस्किटांचे डबे, ते तपकिरी खेचर, त्याचं माझ्या पायावर बसणं. दवाखान्यातले चार महिने आणि न लिहिलेली पत्रं. सांगताना माझा आवाज खाली गेला. वाटलं, आता ही म्हणेल, एवढ्यासाठी लाजलास?

आई गूळ चघळायची थांबली.

"त्या खेचराला लागलं का रं?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, साहेबांनी विचारलं नव्हतं, मलाही कधी सुचलं नव्हतं. मी आठवून बघितलं. त्याच्या पुढच्या पायाला खरचटलं होतं. मला उचलून नेताना ते वाटेच्या कडेला उभं होतं, डबे सगळे दरीत गेले होते, आणि ते माझ्याकडे बघत होतं.

"लागलं होतं थोडं," मी म्हणालो. "पण उभं राहिलं."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "मुकं जनावर. त्यानं काय मुद्दाम केलं व्हय?"

त्या दिवसापासून माझा त्या खेचरावरचा राग गेला. माझ्यासारख्या माणसाच्या रागाचं असं होणं ही काही लहान गोष्ट नाही.

न दुमडणारा पाय चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास देतो. चढताना मी त्याला कसाही ओढत होतो, उतरताना प्रत्येक पायरीला हिसका बसे. सकाळपासून मला या उतरणीचीही धास्ती होती. पण आता लपवायचं काही नव्हतं. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनासारखा लंगडत खाली आलो. तिच्या चोरवाटेनं. मध्ये दोनदा थांबलो, तेव्हा आम्ही पाय दुखतोय म्हणून थांबलो, आठवण आली म्हणून नाही. तरी आठवणी निघाल्याच.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. चुलती दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. तिनं मला अंगणातून येताना बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं बाई, लंगडतोस का रं? गडावर पडलास व्हय?"

आई माझ्याकडे बघत होती. तिनं काही सांगितलं असतं तर मी अडवलं नसतं, पण ती बोलली नाही.

"न्हाई," मी मोठ्यानं म्हणालो, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं. "बर्मात पाय मोडला. खेचर पडलं अंगावर."